चार पंजांएवढा रस्ता

गेल्या गणपतीआधी गॅलरीतल्या कुंड्यांना गेरू लावून झाला आणि वाटीत थोडा उरला. भाची म्हणाली, याचं काय करायचं? मग आम्ही दोघं खाली उतरलो. गाडीचं पुढचं चाक जॅकवर उचललं, टायरच्या तळाला गेरू फासला, खाली आलेखाचा कागद सरकवला आणि जॅक हळूहळू उतरवला. पुन्हा चाक उचलून कागद काढला, तर त्यावर टायरची नक्षी उमटलेली. एवढ्या मोठ्या चाकाचा ठसा केवढासा! भाचीने आधी आपला हात त्यावर ठेवून पाहिला, मग माझा ठेवायला लावला. माझ्या पंजाखाली तो ठसा जवळजवळ झाकून गेला.

चौकोन मोजले. १३० चौरस सेंटिमीटरच्या आसपास भरले. हा आकडा कागदाशिवायही काढता येतो. आमच्या रिकाम्या गाडीच्या पुढच्या चाकावर साधारण ३०० किलो भार येतो. टायरमध्ये ३३ पौंड हवा, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २.३ किलोचा दाब. भागाकार करा, १३० येतात. गाडी तोलून धरते ती आत कोंडलेली हवा, आणि जमिनीवर किती जागा लागेल हेही तीच ठरवते. गाडीत पाच माणसं, पिशव्या, फुलांच्या माळा आणि गावच्या काकीसाठी घेतलेला कुकर बसला की ठसा थोडा वाढतो, पंजा पसरल्यासारखा. पण चार चाकांचे मिळून चार पंजेच. तेवढ्यावर आम्ही दरवर्षी गणपतीला मुंबईहून कणकवलीजवळच्या गावाला जातो, सव्वाचारशे किलोमीटरच्या वर.

आपण स्टेअरिंग वळवतो, ब्रेक दाबतो, वेग वाढवतो, ते सगळं या चार पंजांतूनच रस्त्यापर्यंत पोचतं. आणि त्यांची एक गंमत मला कळली तेव्हा मी कितीतरी वेळ जाणाऱ्या गाड्यांची चाकं बघत उभा होतो. ताशी ८० ने धावणाऱ्या गाडीच्या चाकाचा माथा रस्त्याच्या मानाने ताशी १६० ने पुढे जात असतो, आणि तळ मात्र स्थिर असतो. अगदी स्थिर. आपण चालताना पाऊल टेकतो, ते क्षणभर जमिनीवर तसंच राहतं आणि मग उचललं जातं, तसं. चाक म्हणजे न संपणारी पावलं. रस्त्याला टेकलेलं रबर घसरत नाही म्हणूनच गाडी आपलं ऐकते. ब्रेक करकचून दाबल्यावर चाक जाम झालं की पाऊल टेकणं संपतं आणि फरफटणं सुरू होतं, मग स्टेअरिंग कितीही फिरवा, गाडी तिच्याच वाटेने जाते. एबीएस नावाची सोय हेच ओळखून चाकाला सेकंदाला कित्येकदा सोडते आणि धरते. त्या वेळी ब्रेकवरच्या पायाखाली जी थरथर जाणवते ती बिघाडाची नसते. पाय काढायचा नसतो, दाबूनच धरायचा असतो.

भाद्रपदातला हा प्रवास पावसातला. वडखळ ओलांडलं की बहुतेक वेळा सर गाठतेच. रस्त्यावर ३ मिलिमीटर पाणी साचलंय असं धरा, म्हणजे एकावर एक ठेवलेल्या रुपयाच्या दोन नाण्यांएवढं. ताशी ८० ने जाणाऱ्या एकेका पुढच्या चाकाला रस्त्यावर पाऊल टेकण्याआधी सेकंदाला सुमारे आठ लिटर पाणी बाजूला सारावं लागतं. अर्धी बादली, दर सेकंदाला! टायरवरची नक्षी शोभेची नाही, या पाण्याला पळायला केलेली ती गटारं आहेत. नव्या टायरमध्ये ती सात-आठ मिलिमीटर खोल असतात. कायद्याने मोटारीच्या टायरला किमान १.६ मिलिमीटर हवीत, आणि खाचेच्या तळाशी असलेले छोटे उंचवटे वरच्या रबराच्या पातळीला आले की ती हद्द आली म्हणून समजायचं.

पाण्याला पळायला वेळ मिळाला नाही की ते चाकाखाली पाचरीसारखं शिरतं आणि चाक उचलतं. मग चारही पंजे पाण्यावर. अमेरिकेच्या नासाच्या लँगली केंद्रात १९६०च्या दशकात विमानं ओल्या धावपट्टीवरून का घसरतात याचा अभ्यास झाला, त्यातून एक साधं गणित निघालं: चाक कोणत्या वेगाला पाण्यावर तरंगू लागेल हे मुख्यतः आतल्या हवेच्या दाबावर ठरतं. मोटारीला ते अंदाजापुरतंच लावायचं, पण अंदाजही बोलका आहे. ३३ पौंड हवा असेल तर तो वेग ताशी ९५च्या जवळ येतो. हवा २० पौंडांवर उतरली असेल तर ७५च्या. कमी हवेच्या टायरचा ठसा मोठा, म्हणजे पकडही जास्त असेल असं वाटतं ना? मलाही वाटायचं. पण पाण्याला ढकलायचं तर जोर लागतो आणि जोर दाबातून येतो. मऊ टायर पाण्यापुढे हरतो. टायर गुळगुळीत झाला असेल तर आणखी आधी हरतो. निघताना पंपावरचा मुलगा "किती मारू?" विचारतो, तेव्हा मी आता गाडीतून उतरून आकडा बघतो. भरलेल्या गाडीला किती हवा हवी हे चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेल्या तक्त्यात बहुधा लिहिलेलं असतं.

चाकं तरंगली की स्टेअरिंग एकदम हलकं लागतं, लोण्यातून फिरल्यासारखं. अशा वेळी ॲक्सिलरेटरवरून पाय काढून हात सरळ ठेवायचे, ब्रेकला हात-पाय काही लावायचे नाहीत. वेग उतरला की पावलं पुन्हा टेकतात.

वेगाचं गणित शाळेत शिकलेलं असतं, पण रस्त्यावर ते आठवत नाही. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यावर थांबायला लागणारं अंतर चौपट होतं. ताशी ४० ने जाणारी गाडी ओल्या डांबरावर ब्रेक लागल्यानंतर सोळा-एक मीटरमध्ये थांबते. ताशी ८० ला तेच अंतर साठच्या वर जातं. त्यात डोळ्यांनी पाहून पाय ब्रेकवर जाईपर्यंतचा दीड सेकंद मिळवा, म्हणजे आणखी ३३ मीटर. सगळे मिळून शंभरच्या जवळपास. आता रात्री खाली झुकवलेल्या दिव्यात पुढचं किती दिसतं ते आठवून बघा. पन्नास मीटर, फार तर साठ. म्हणजे ताशी ८० ने पावसाळी रात्री जाणारा माणूस न दिसणाऱ्या रस्त्यावर गाडी चालवत असतो, आणि त्याला सगळं दिसतंय असंच वाटत असतं.

महाडजवळ सावित्री नदीवरून जाताना आमच्या गाडीत अजूनही बोलणं थांबतं. २ ऑगस्ट २०१६च्या रात्री पुरात इथला ब्रिटिशकालीन दगडी पूल वाहून गेला आणि दोन एसटी गाड्या आणि इतर वाहनं नदीत गेली. त्यात चालकांचा काही दोष नव्हता. पूल नाही हे त्या काळोखात कुणाला दिसणार?

काळोखात रस्ता दाखवणाऱ्या दोन गोष्टी मात्र आपण रोज तुडवत जातो आणि त्यांची दखल घेत नाही. एक म्हणजे पांढरी रेघ. डांबरावरच्या त्या जाड रंगात काचेचे बारीक मणी मिसळलेले आणि वरून पेरलेले असतात, साखरेच्या दाण्याहूनही लहान. दिवसा कडेला थांबून रेघेवरून बोट फिरवलं तर खरखर लागते. प्रत्येक मणी अर्धा रंगात रुतलेला, अर्धा वर. आपल्या दिव्याचा किरण मण्यात शिरतो, वाकतो, मागच्या रंगावर आपटतो आणि पुन्हा वाकून ज्या दिशेने आला त्याच दिशेने परत फिरतो. आरशासारखा पलीकडे निघून जात नाही. म्हणून ती रेघ आपल्यासाठी उजळते. आणि जोराच्या पावसात ती नाहीशी का होते, त्याचंही उत्तर याच मण्यात आहे. मण्यांवर पाण्याचा पडदा बसला की प्रकाश त्या पडद्यावरून पुढे सटकतो आणि समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. आपल्यापुढे रस्ता काळा पडतो.

दुसरी म्हणजे रस्त्यात ठोकलेले ते चमकणारे डोळे. पर्सी शॉ नावाच्या इंग्रज गृहस्थाने १९३४ साली त्यांचं पेटंट घेतलं, मांजराच्या डोळ्यांवरून त्यांना नावही तेच पडलं. आताच्या प्लास्टिकच्या ठोकळ्यांत मणी नसतात, बारीक कोपरे असतात. खोलीच्या कोपऱ्यात दोन भिंती आणि जमीन जशी काटकोनात मिळतात, तसे तीन आरसे मिळवले की त्यावर कुठूनही पडलेला किरण तीनदा आपटून उगमाकडेच परततो. अपोलो ११च्या अंतराळवीरांनी १९६९ साली चंद्रावर असे शंभर कोपरे असलेली चौकट ठेवली, आणि पृथ्वीवरून सोडलेला लेझर तिथून परत येतो. आपल्या चांद्रयान-३चा विक्रम लँडर चंद्राच्या दक्षिण भागात उभा आहे, त्याच्या अंगावरही नासाने दिलेलं असंच छोटं उपकरण आहे आणि डिसेंबर २०२३ मध्ये चंद्राभोवती फिरणाऱ्या यानाने त्यावर लेझर टाकून परतलेला प्रकाश टिपला. कशेडी घाटाच्या अलीकडे रस्त्यावरचे ते ठिपके एकामागून एक पेटत येतात तेव्हा मला विक्रम आठवतो. तोच कोपरा, तेच तीन आरसे.

समोरच्याने अप्परवर दिवे ठेवले की मात्र या सगळ्या कारागिरीवर पाणी पडतं. अंधाराला सरावायला डोळ्याला चांगला अर्धा तास लागतो, कारण पडद्यावरच्या पेशींमधला प्रकाश टिपणारा रंग हळूहळू तयार होतो. झगझगीत दिवा तो क्षणात उडवतो. मग दोन-तीन सेकंद आपण जवळजवळ आंधळे. ताशी ६० ला तेवढ्यात तीस ते पन्नास मीटर जातात. वय झालं की डोळ्याचं भिंग धूसर होतं, प्रकाश आत विखुरतो आणि हा काळ आणखी लांबतो, बाबा रात्री गाडी चालवायला का कुरकुरायचे ते मला उशिरा समजलं. त्या दिव्याकडे बघायचं नाही, डाव्या कडेच्या रेघेकडे बघायचं आणि पाय हलका करायचा. आणि आपण डिपर द्यायचा. ट्रकच्या पाठीवर 'डिपर' हा शब्द किती वर्षं लिहिलेला आहे!

पुण्याकडून कोकणात येणाऱ्यांना घाट उतरावाच लागतो. लोणावळा समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या वर, खोपोली जेमतेम साठ-सत्तर. भरलेली दीड टनाची गाडी एवढी खाली येते तेव्हा तिच्या वजनातली जी ऊर्जा मोकळी होते, तिने पंचवीस लिटर पाणी उकळेल. अख्खा बंब! थोडी हवेत जाते, थोडी चाकांच्या घर्षणात. बाकीची कुठे जाईल ते आपण ठरवतो. पाय ब्रेकवरच ठेवला तर ती चार चाकांच्या ब्रेकमध्ये शिरते. ब्रेकच्या तेलाला हवेतली ओल शोषायची सवय, जुन्या तेलात पाणी मुरलेलं असतं. ते तापून उकळलं की नळीत वाफ होते आणि वाफ दबते. मग पेडल दाबून पाय थेट तळाला जातो, ब्रेक काही लागत नाही. म्हणूनच जुनी माणसं सांगायची, ज्या गिअरमध्ये चढतोस त्याच गिअरमध्ये उतर. मग बराचसा बंब इंजिन तापवून घेतं.

आता झोपेबद्दल. माझ्या मते या प्रवासातली सगळ्यात अद्भुत गोष्ट हीच, आणि सगळ्यात भयंकरही.

चार वर्षांपूर्वी आम्ही रात्री दहाला निघालो होतो. पहाटे तीन वाजून गेले, चिपळूण मागे पडलं, सावर्डे आलं. अचानक डाव्या चाकाखाली खडी करकरली. मी स्टेअरिंग सावरलं. बायकोने विचारलं, "तुझा डोळा लागला होता का?" मी म्हणालो, "छे, जागाच होतो." मी खोटं बोलत नव्हतो. मला खरंच तसं वाटत होतं. तिने मात्र माझी मान पुढे झुकलेली पाहिली होती.

मेंदू काम करतो तसतसं पेशींभोवती ॲडिनोसीन नावाचं द्रव्य साठत जातं. जागेपणाचा तो हिशेबच म्हणायचा, तासागणिक वाढणारा. झोपेत तो फिटतो. त्यातच डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या जरा वर, तांदळाच्या दाण्याएवढ्या जागेत वीस हजारांच्या आसपास पेशी शरीराचं घड्याळ चालवतात. ते घड्याळ पहाटे दोन ते पाचच्या दरम्यान सगळ्यात खाली असतं. कितीही उत्साह असो, गावी कितीही ओढ असो, त्या वेळी मेंदू तुकड्या-तुकड्याने झोपू लागतो. एक सेकंद, चार सेकंद, कधी दहा. डोळे उघडे असूनही. आणि झोप लागतानाचे क्षण स्मरणात नोंदलेच जात नाहीत, त्यामुळे माणसाला आपण झोपलो होतो हे कळतच नाही. दोन जागे क्षण मेंदू शिवून टाकतो, मधला उसवलेला भाग दिसत नाही. ताशी ८० ला चार सेकंदांत गाडी ८९ मीटर जाते. एकामागे एक सात-आठ एसटी उभ्या केल्या तर होईल तेवढं अंतर, कुणीही न चालवता.

ऑस्ट्रेलियातल्या डॉसन आणि रीड या दोन संशोधकांनी १९९७ साली 'नेचर'मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग आहे. माणसांना जागं ठेवलं आणि त्यांचे हात-डोळे किती जुळून चालतात ते मोजलं, आणि त्यांनाच दारू पाजूनही तेच मोजलं. सतरा तासांच्या जागरणानंतरची अवस्था रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसासारखी निघाली. आपल्या कायद्याची हद्द ०.०३ टक्के आहे. सकाळी सहाला उठून लोकल पकडणारा, ऑफिस करून, बॅगा भरून रात्री निघणारा माणूस अकरा वाजता सतरा तास जागा असतो. परशुराम घाटात पोचेपर्यंत एकवीस. त्या रात्री मी तसाच होतो, आणि एक थेंबही घेतला नव्हता म्हणून स्वतःला पूर्ण शुद्धीवर समजत होतो. मागच्या सीटवर भाची झोपलेली होती.

काच खाली करणं, गाणी मोठ्याने लावणं, याचा उपयोग होतो असं सगळे म्हणतात. इंग्लंडच्या लफबरो विद्यापीठात नकली गाडीत झोपाळलेल्या चालकांना बसवून हे तपासलं गेलं, तर त्याचा परिणाम फार थोडा आणि थोडाच वेळ टिकणारा निघाला. खरा उपयोग झाला तो कॉफीचा आणि पंधरा मिनिटांच्या डुलकीचा, दोन्ही एकत्र केल्यावर तर सगळ्यात जास्त. कॉफीतलं कॅफिन मेंदूत जाऊन ॲडिनोसीनच्या जागा अडवून बसतं, पण त्याला पोचायला वीस-तीस मिनिटं लागतात. म्हणून आधी कॉफी प्यायची आणि लगेच सीट मागे टाकून डोळे मिटायचे. डुलकीने थोडं देणं फिटतं, आणि जाग येते तेव्हा कॅफिन हजर. यानेही रात्र काढता येत नाही, तास-दोन तासांचीच बेगमी होते.

त्या वर्षीपासून आम्ही पहाटे निघतो, रात्रीचं पोटभर झोपून. काकीला फोन केला की ती म्हणते, "बाळा, सावकाश ये. गणपती खंय पळान जावचो नाय."

आमचा गणपती आम्ही पेणहून घेतो आणि गाडीतूनच गावी नेतो. शाडूची मूर्ती, सहा-एक किलोची. गेल्या वर्षी बायकोने टॉवेल गुंडाळला, दोन्ही बाजूंना उशा लावल्या, मागच्या सीटचा पट्टा ओढून मूर्तीला आडवा घातला आणि खटकन आवाज येईपर्यंत दाबला. निल्स बोलिन हा इंजिनिअर आधी लढाऊ विमानातून वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या खुर्च्या बनवायचा. १९५९ साली व्होल्वोसाठी त्याने खांदा आणि कंबर दोन्ही धरणारा हा पट्टा केला, आणि कंपनीने त्याचं पेटंट सगळ्यांसाठी खुलं ठेवलं. ताशी ५० ने जाणारी गाडी कशावर तरी आदळली आणि तिचं नाक साठ सेंटिमीटर चेपलं, तर आत बसलेल्या प्रत्येकाचं वजन तेवढ्या क्षणापुरतं सरासरी सोळापट होतं. सहा किलोच्या मूर्तीचं शंभराच्या जवळ. मांडीवरच्या दहा किलोच्या बाळाचं दीडशेच्या वर, आणि ते कुठल्याही आईच्या हातांना पेलवणारं नाही.

मूर्ती नीट बसली तेव्हा भाची दोन पुढच्या सीटांच्या मधून डोकावून, उभी राहून ते सगळं बघत होती. बायकोचं लक्ष गेलं. तिने तिला मागे बसवलं, मूर्तीच्या शेजारी, आणि दुसरा पट्टा ओढला. भाचीने तो स्वतःच लावला. खटकन आवाज झाला तसं तिने टॉवेलातून वर आलेल्या मुकुटाकडे पाहिलं आणि मग मला म्हणाली, "हवा बघितलीस ना?"